चौकटीतील मोकळी जागा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

छायाचित्राच्या रचनेविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरतात : विषयाच्या आजूबाजूला उरणारी मोकळी जागा, जिला छायाचित्रकार ‘निगेटिव्ह स्पेस’ म्हणतात. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे तिलाच दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : स्पर्धेसाठी पाठवलेल्या माझ्या छायाचित्रात खाली उजव्या कोपऱ्यात तारेवर बसलेला एक लहान पक्षी आहे आणि बाकी सर्व चौकट करड्या आकाशाने व्यापलेली आहे. ‘बरीच जागा वाया गेली आहे’ असा शेरा परीक्षकांनी दिला. मित्रांना मात्र तीच जागा आवडली. मोकळी जागा आणि वाया गेलेली जागा यांतला फरक कसा ओळखावा?

उत्तर : तुम्ही पत्रासोबत छायाचित्राची प्रत जोडली, त्यामुळे नेमके उत्तर देता येते. परीक्षकांच्या शेऱ्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. त्यांना काहीतरी खटकले हे खरे, पण ते आकाश मोठे आहे म्हणून खटकले असे मला वाटत नाही. तुमचा पक्षी उजव्या कोपऱ्यात बसून उजवीकडेच, म्हणजे चौकटीबाहेर, पाहतो आहे. त्याच्या पाठीमागे पसरलेल्या एवढ्या मोठ्या आकाशाचा आणि त्याचा एकमेकांशी काही संबंधच लागत नाही. शिवाय डावीकडे वरच्या कोपऱ्यात झाडाच्या फांदीचे टोक आत आले आहे. चौकट गजबजलेली असती, तर ते टोक कोणाच्या लक्षातही आले नसते. मोकळ्या आकाशात मात्र ते दुसरा विषय होऊन बसते आणि पाहणाऱ्याची नजर पक्षी व फांदी यांच्यामध्ये हेलपाटे घालत राहते. तुम्ही सोडलेली जागा जास्त झालेली नाही. ती पुरेशी मोकळी झालेली नाही.

जागा कामाची आहे की नाही, हे ठरवण्याची माझी पद्धत साधी आहे. छायाचित्राची प्रत समोर ठेवावी, एक कोरा कागद मोकळ्या बाजूकडून विषयाकडे हळूहळू सरकवावा आणि प्रत्येक टप्प्यावर चित्राचा अर्थ बदलतो का, ते पाहावे. निम्मे आकाश झाकल्यावर पक्ष्याचे एकटेपण ओसरले आणि ते निव्वळ एका पक्ष्याचे छायाचित्र झाले, तर झाकलेले आकाश काही सांगत होते. निम्मे झाकूनही काहीच बदलले नाही, तर तेवढा भाग खुशाल काढून टाकावा. जास्तीची जागा घरी बसून कापता येते, कमी पडलेली मात्र नंतर आणता येत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा दोन पावले मागे जाऊन एक मोकळी चौकट घेऊन ठेवावी, असे मी नेहमी सांगतो.

मोकळी जागा काय काय सांगू शकते, याचाही विचार टिपण्याआधी झालेला बरा. समुद्रात एकच होडी असेल, तर पाण्याचा विस्तार होडीचे लहानपण दाखवतो. धावणाऱ्या मुलापुढची रिकामी वाळू त्याला पोहोचायचे अंतर दाखवते. वृद्धाच्या चेहऱ्याभोवतीचा गडद अंधार इतर सर्व तपशील काढून घेऊन नजर सुरकुत्यांवर आणतो. ही तीन वेगवेगळी कामे आहेत आणि प्रत्येकासाठी लागणारी जागा वेगळ्या मापाची व वेगळ्या बाजूची असते. आपल्या चौकटीतली जागा यांपैकी काय करते आहे, किंवा याहून निराळे काय करते आहे, हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर बहुधा ती उरली म्हणून राहिलेली असते. हस्तलिखिताच्या पानावर सोडलेला समास आठवून पाहा. समासावाचून मजकूर वाचवत नाही, पण समास किती आणि कोणत्या बाजूला सोडायचा, हे लिहायला बसण्यापूर्वीच ठरवावे लागते.

प्रश्न : ‘निगेटिव्ह’ या शब्दाने माझा गोंधळ होतो. एका ठिकाणी ‘ऋण अवकाश’ असे भाषांतर वाचले. ढगांनी भरलेले आकाश, विटांची भिंत किंवा धूसर केलेली पार्श्वभूमी यांनाही हे नाव लागू होते का? की ती जागा अगदी कोरीच असावी लागते?

उत्तर : या नावात उणेपणा नाही आणि फिल्मच्या निगेटिव्हशीही त्याचा संबंध नाही. रेखाटन शिकवताना वस्तूच्या आकाराला धन आणि वस्तूभोवतीच्या व वस्तूच्या भागांमधल्या आकाराला ऋण म्हणण्याची रीत होती, तिथून ते छायाचित्रणात आले. डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी 1915 मध्ये प्रसिद्ध केलेली फुलदाणीची आकृती बहुतेकांनी पाहिलेली असते. मधल्या भागाकडे पाहिले की फुलदाणी दिसते, आणि बाजूच्या भागांकडे पाहिले की समोरासमोर आलेले दोन चेहरे दिसतात, पण दोन्ही एकाच क्षणी दिसत नाहीत. कडा एकच असते आणि मन ती एका वेळी एकाच बाजूला बहाल करते. दुसरी बाजू पार्श्वभूमी होऊन मागे सरते आणि तिला आकार आहे, हेच आपण विसरतो. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या ज्या खिडकीतून चौकट पाहतो तिच्यात, आपले नेमके हेच होते. आवडत्या विषयावर लक्ष खिळले, की त्याच्याभोवती कोणते आकार तयार झाले आहेत ते दिसेनासे होतात, आणि छायाचित्र घरी नेऊन पाहिले की तेच आधी दिसतात.

म्हणून माझ्या मते जागा कोरी असण्यापेक्षा ती शांत असणे महत्त्वाचे आहे. विटांची भिंत एकसारखी असेल, तर तिची वीण नजरेला अडवत नाही, पण त्याच भिंतीवर एक फाटके पत्रक असेल तर शांतता मोडते. ढगांचा पातळ, सलग थर चालतो, ठळक कडांचा एकच ढग मात्र स्वतःच विषय होतो. धूसर पार्श्वभूमीविषयी थोडे सावध राहावे. मोठे ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र मोठे, वापरले की मागचे सर्व काही आपोआप मोकळे झाले, असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात धूसर झालेला एक तेजस्वी दिवा किंवा लाल रंगाचा डाग स्पष्ट चेहऱ्याइतकाच नजर ओढतो.

याच्या उलट, एखादी भरीव वस्तूदेखील मोकळ्या जागेचे काम करू शकते. अमेरिकन छायाचित्रकार अर्नोल्ड न्यूमन यांनी 1946 मध्ये संगीतकार स्ट्राविन्स्की यांचे जे व्यक्तिचित्र टिपले, त्यात पियानोचे उघडलेले काळे झाकण फिकट भिंतीवर बहुतेक सर्व चौकट व्यापते आणि संगीतकार खाली डाव्या कोपऱ्यात लहानसे दिसतात. झाकण ही वस्तू आहे आणि तिचा आकार अतिशय ठाम आहे, तरी त्या सपाट काळ्या आकाराच्या आणि भिंतीच्या विस्तारामुळेच कोपऱ्यातल्या चेहऱ्याला वजन येते. न्यूमन यांनी मूळ चौकट बरीच कापून ही रचना साधली होती. ज्या मासिकासाठी ते छायाचित्र काढले होते त्या मासिकाने ते नाकारले, आणि आज न्यूमन यांचे नाव निघाले की बहुतेकांना तेच आठवते.

लहान जागाही विसरू नयेत. कमरेवर हात ठेवलेल्या माणसाचा हात आणि धड यांमधला त्रिकोण, शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या खांद्यांमधली फट, सायकलच्या सांगाड्यातली तिरपी पोकळी, ही सर्व मोकळीच जागा आहे. मावळतीच्या प्रकाशात माणसांच्या काळ्या आकृत्या टिपताना दोन आकृत्या एकमेकींना चिकटल्या की त्यांचा गोळा होतो. बोटभर फट ठेवली तर दोन्ही माणसे ओळखू येतात.

प्रश्न : व्यक्ती ज्या दिशेला पाहते त्याच दिशेला जागा सोडावी आणि विषय तृतीयांश रेषेवर, म्हणजे चौकटीचे तीन समान भाग करणाऱ्या रेषेवर, ठेवावा, हे नियम पाळलेच पाहिजेत का?

उत्तर : पाळून पाहावेत आणि ते का आहेत हे कळले की सोडावेत. पाहणारा माणसाच्या नजरेमागे जातो, म्हणून समोर जागा असली की त्याला मोकळे वाटते. नजरेसमोर लगेच चौकटीची कड आली आणि पाठीमागे मोकळीक राहिली, तर कोंडी जाणवते, किंवा काहीतरी मागे सोडून आल्याचा भाव येतो. तुम्हाला तोच भाव हवा असेल, तर नियम मोडणे योग्यच आहे. पहिल्या पत्रातल्या पक्ष्याच्या बाबतीत तसे काही अभिप्रेत असल्याचे चित्रात इतर कशातूनही दिसत नाही, म्हणून तिथे ते चुकीसारखे वाटते. तृतीयांशाचेही असेच आहे. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो 1980 पासून जगभरातल्या समुद्रांची जी छायाचित्रे काढत आले आहेत, त्यांत क्षितिज बरोबर मध्यावर असते, वर हवा आणि खाली पाणी, दुसरे काहीही नसते. तिथे रेषा थोडी जरी वर किंवा खाली सरकली असती, तर आकाश किंवा समुद्र यांपैकी एकाला महत्त्व मिळून तो समतोल गेला असता.

प्रश्न : मी नेहमी गर्दीच्या ठिकाणी छायाचित्रे काढतो. समुद्र, वाळवंट किंवा बर्फ माझ्या वाट्याला येत नाही. अशा ठिकाणी मोकळी जागा आणायची कुठून?

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण मोकळी जागा शोधण्याची खरी कसोटी दाटीतच लागते. पहिला उपाय पायांचा आहे. गुडघ्यावर बसून किंवा कॅमेरा जमिनीलगत ठेवून वर पाहिले, तर मागची दुकाने, वाहने आणि डोकी खाली राहतात आणि माणूस आकाशावर येतो. जिन्यावरून किंवा गच्चीवरून थेट खाली पाहिले, तर रस्ता किंवा फरशी हीच सपाट पार्श्वभूमी होते. उंची फूटभर बदलूनही चित्र पालटते, आणि त्यासाठी कोणतेही साधन लागत नाही.

दुसरा उपाय प्रकाशाचा आहे आणि तो बहुतेक जण वापरत नाहीत. कॅमेऱ्याला डोळ्याइतका उजेड-अंधाराचा पल्ला एकाच वेळी पकडता येत नाही, आणि ही मर्यादा इथे उपयोगी पडते. माणूस उन्हाच्या पट्ट्यात असेल आणि त्याच्या मागचा भाग गडद सावलीत असेल, तर एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, उन्हातल्या चेहऱ्याप्रमाणे ठेवावे. मागच्या भागावर चार स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे सोळाव्या हिश्श्याइतकाच प्रकाश असेल, तर तिथली गजबज जवळजवळ काळोखात बुडते. त्यासाठी स्वयंचलित मोजणीवर विसंबून चालत नाही. चेहऱ्यावर मोजणी करून ती कायम करावी लागते किंवा एक्स्पोजर हाताने उतरवावे लागते. घरातही हेच साधते. लहान दिवा माणसापासून एक मीटरवर ठेवला आणि भिंत माणसाच्या तीन मीटर मागे असली, तर दिव्यापासून भिंत चार मीटरवर येते. अंतर चौपट झाले की प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर येतो, आणि आजूबाजूच्या भिंतींवरून फारसा प्रकाश परतत नसेल तर साधी पांढरी भिंतही काळपट दिसू लागते.

तिसरा उपाय वेळेचा. धुके, पाऊस आणि पहाट या तिन्ही वेळी एरवी भरलेली जागा रिकामी होते. धुक्यात दूरच्या वस्तू आधी पुसल्या जातात, त्यामुळे जवळचा विषय आपोआप सुटा होतो. सोळाव्या शतकातले जपानी चित्रकार हासेगावा तोहाकू यांच्या पाइन वृक्षांच्या प्रसिद्ध घडीपडद्यांत झाडे अशीच धुक्यातून डोकावतात, आणि बराचसा कागद कोरा असूनही तिथे धुके दिसते. दीर्घ एक्स्पोजर हीदेखील वेळेचीच युक्ती आहे. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची गडद काच, प्रकाश सुमारे हजार पटींनी कमी करतो, त्यामुळे 1/60 सेकंदाऐवजी साधारण 17 सेकंद शटर उघडे ठेवता येते. तेवढ्या वेळात लाटा सपाट होतात आणि चालणारी माणसे पुसट होतात, पण थांबलेली माणसे तशीच राहतात, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे जागा आधी शोधून तिथे थांबणे. एखादी सलग रंगवलेली भिंत किंवा सावलीचा मोठा तिरपा पट्टा सापडला की रचना आधी बसवावी आणि त्या रिकाम्या जागेत कोणी येईपर्यंत वाट पाहावी. विषयामागे धावण्यापेक्षा हे मला अधिक फलदायी वाटते.

प्रश्न : पांढरी भिंत किंवा बर्फ ठेवून काढलेली माझी छायाचित्रे मळकट राखाडी का येतात? आणि आकाशावर मधूनच ठिपके व पट्टे का दिसतात?

उत्तर : कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, म्हणजे साधारण 18 टक्के प्रकाश परतवणारे आहे, असे धरून चालतो. चौकटीचा मोठा भाग पांढरा असला की तो त्याला प्रमाणाबाहेर उजळ वाटतो आणि एक्स्पोजर कमी केले जाते. बर्फ किंवा पांढरी भिंत असेल, तर एक ते दोन स्टॉप वाढवावे. काळी पार्श्वभूमी असेल तर उलट कमी करावे, नाहीतर काळा रंग राखाडी होईल आणि चेहरा पांढराफटक. मोबाइलवरही बोटाने विषयावर फोकस ठेवून उजेडाची पट्टी वरखाली करता येते. पांढरे वाढवताना हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा उजेड दाखवणारा आलेख, उजव्या कडेला आदळू देऊ नये. बर्फाची बारीक वीण टिकली, तर ती जागा जिवंत राहते, नाहीतर कागदात भोक पडल्यासारखी दिसते.

ठिपके बहुधा कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवरच्या धुळीचे असतात. भरलेल्या दृश्यात ते लपतात, पण सपाट आकाशात उघडे पडतात, आणि एफ/16 किंवा एफ/22 सारख्या लहान ॲपर्चरला अधिक ठळक होतात. त्याच ॲपर्चरला मुद्दाम फोकस सोडून कोऱ्या आकाशाचे छायाचित्र घेतले, तर धूळ कुठे आहे ते कळते. पट्ट्यांचे कारण वेगळे आहे. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात. हळूहळू उजळत जाणाऱ्या आकाशाचा कॉन्ट्रास्ट नंतर खूप ताणला की या पायऱ्यांमधले अंतर डोळ्यांना दिसू लागते. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, अशा 16,384 पायऱ्या असतात, म्हणून ज्या चित्राचा बहुतेक भाग आकाश किंवा धुके आहे ते रॉमध्ये टिपावे आणि प्रक्रिया पूर्ण झाल्यावरच जेपेग करावे.

प्रश्न : विषय चौकटीत किती लहान ठेवता येतो?

उत्तर : जिथे पाहिले जाणार आहे तिथे ओळखू येईल इतका. भिंतीवरच्या मोठ्या प्रतीत बोटभर दिसणारा माणूस मोबाइलच्या पडद्यावर धुळीच्या कणासारखा दिसतो. विषय लहान असेल तर त्याचा उजेड किंवा रंग आजूबाजूपेक्षा स्पष्टपणे वेगळा हवा आणि त्याची बाह्यरेषा सहज ओळखता यावी. छत्री घेतलेला माणूस लहान असूनही कळतो, बसून वाकलेला माणूस दगडासारखा दिसतो.

प्रश्न : मोकळ्या जागेतल्या नको असलेल्या गोष्टी संगणकावर पुसणे किंवा चौकट वाढवणे ही फसवणूक ठरते का?

उत्तर : हे छायाचित्र कशासाठी आहे, यावर ठरते. वृत्तछायाचित्रात आणि जे घडले त्याची नोंद म्हणून दिलेल्या कोणत्याही चित्रात काहीही पुसू किंवा वाढवू नये, आणि यात मला सवलत मान्य नाही. स्पर्धेत तिचे नियम वाचावेत. कलाचित्राची गोष्ट निराळी आहे. हाँगकाँगचे छायाचित्रकार फॅन हो यांच्या 1954 मधल्या एका प्रसिद्ध चित्रात पांढऱ्या भिंतीशी उभी असलेली तरुणी आणि तिच्याकडे सरकणारी तिरपी सावली दिसते. ती तरुणी त्यांची नातेवाईक होती, तिला तिथे मुद्दाम उभे केले होते, आणि सावली त्यांनी नंतर डार्करूममध्ये आणली होती. त्यांनी ते लपवले नाही आणि चित्राची किंमत त्यामुळे कमी होत नाही.

कापण्याविषयी एक व्यावहारिक हिशेब सांगतो. 24 मेगापिक्सेलच्या चित्रात साधारण 6000 बाय 4000 पिक्सेल असतात. दोन्ही बाजू निम्म्या केल्या की 3000 बाय 2000, म्हणजे 6 मेगापिक्सेल उरतात, आणि इंचाला 300 पिक्सेल धरल्यास चांगली छपाई सुमारे दहा इंच रुंदीपर्यंतच होते. मोठी प्रत हवी असेल, तर मोकळी जागा टिपतानाच मोजावी लागते.

प्रश्न : मी नवशिकी आहे. सराव कशाने सुरू करू?

उत्तर : दांडे असलेली एक साधी खुर्ची घ्या आणि तिला कोऱ्या भिंतीपुढे ठेवा. खुर्ची टिपायची आहे हे बाजूला ठेवून दांड्यांमधल्या, पायांमधल्या आणि पाठीखालच्या पोकळ्या टिपा. तुम्ही थोडे सरकलात की एक पोकळी रुंद होते आणि दुसरी मिटते. सगळ्या पोकळ्या वेगवेगळ्या मापाच्या आणि स्पष्ट दिसतील, अशी उभे राहण्याची जागा शोधा. वीसेक चौकटी झाल्या, की त्या पडद्यावर उलट्या करून पाहा. खालची बाजू वर गेली की खुर्ची ओळखण्याची सवय सैल पडते आणि आकार नुसते आकार म्हणून दिसतात. मग त्याच भिंतीपुढे कोणाला तरी बसवा, आणि कोपर व गुडघा यांमधली जागा पाहत पाहत त्यांना थोडे वळायला सांगा. त्यातल्या दोन प्रती, एक जमलेली आणि एक फसलेली, पाठवाव्यात. पुढील अंकात त्यांवर सविस्तर लिहीन.